कूटामुंड्रा वॉटल

बाभळीच्या कुळातील एक लहान, सदाहरित ऑस्ट्रेलियन वृक्ष. तिकडे अशा झाडांना ‘वॉटल’ म्हणतात. शास्त्रीय नाव ॲकेशिया बेलियाना. क्वीन्सलंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. एम. बेली यांच्या सन्मानार्थ ते ठेवले गेले. न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण भागातील कूटामुंड्रा व टेमोराभोवतीचा छोटासा टापू हे त्याचे मूळ घर. कोकणात सामाजिक वनीकरणातून पसरलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ ही याच खंडातली, पण वेगळी जाती.

झाड ३ ते १० मीटर वाढते. पाने बाभळीप्रमाणे पिसासारखी, पण रुपेरी निळसर. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, पिवळ्या गोंड्यांनी फांद्या झाकून जातात. फुलांत मकरंद नसतो. मधमाश्या येतात त्या परागासाठी. नंतर शेंगांतल्या बियांवर पोपट व काकाकुवे ताव मारतात.

बियांचे कवच कठीण असल्याने त्यांवर उकळते पाणी ओतून रात्रभर भिजत ठेवतात. मुळांना धक्का सोसत नाही, म्हणून रोप लहान असतानाच कायमच्या जागी लावलेले बरे. भरपूर ऊन व निचऱ्याची जमीन पुरते. मुळांवरच्या गाठींतील जीवाणू हवेतला नायट्रोजन मिळवून देत असल्याने हलक्या जमिनीतही झाड तग धरते. छाटणी फुलोरा सरताच, तीही बेताची.

झाड झपाट्याने वाढते आणि बहुधा दहा-वीस वर्षांत संपते. त्यामुळे आडोशासाठी, वाऱ्याला आळा घालण्यासाठी किंवा सावकाश वाढणाऱ्या झाडांना सुरुवातीचा आसरा म्हणून ते उपयोगी. बागेचा कायमचा कणा म्हणून नव्हे. गडद हिरव्या झुडपांपुढे त्याची रुपेरी पाने उठून दिसतात. ‘पर्प्युरिया’ या वाणाची कोवळी पालवी जांभळी असते, तर जमिनीलगत पसरणारा वाण उतारावर लावतात.

या देखणेपणामुळेच ते ऑस्ट्रेलियाभर बागांतून लावले गेले आणि तिथून रानात शिरले. मूळ टापूबाहेर, ऑस्ट्रेलियातच, ते आज तण ठरले आहे. ‘देशी झाड’ म्हणून ते डोळे झाकून लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्याचा स्थानिक वॉटल जातींशी संकर होतो, हे अधिक गंभीर, कारण संकरित रोपे उपटूनही मूळ जातीची शुद्धता परत येत नाही. त्यामुळे रानाला लागून असलेल्या बागेत त्या भागातलीच वॉटल निवडावी. जुने झाड काढायचे तर शेंगा पिकण्याआधी. जमिनीत पडलेले बी अनेक वर्षे जिवंत राहते आणि वणव्यानंतर एकदम उगवून येते.