चेंडूत न मावणारा सर्प

पोकेमॉन म्हणजे काल्पनिक प्राणी चेंडूत पकडायचा जपानी व्हिडिओ गेम. त्याच्या अधिकृत खेळांत जपान, फ्रान्स, हवाई, ब्रिटन, स्पेन यांच्यावर बेतलेले प्रदेश आले. ऑस्ट्रेलिया राहून गेला. ती कसर चाहते फॅनगेममधून, म्हणजे स्वतः बनवलेल्या अनधिकृत खेळांतून, काढतात. कांगारू, कोआला, प्लॅटिपस संपले की हात आदिवासी कथांकडे वळतो, आणि पहिला मान हमखास इंद्रधनुष्य-सर्पाला, म्हणजे नद्या-पाणवठ्यांशी जोडलेल्या आद्य सर्पाला, मिळतो.

घोळ इथूनच सुरू होतो. १७८८ मध्ये ब्रिटिश वसाहत झाली तेव्हा त्या खंडात अडीचशेहून अधिक भाषा होत्या. नैऋत्येकडच्या नूंगार लोकांचा सर्प म्हणजे वागल, स्वान नदी घडवणारा. तिकडे दूर उत्तरेला, आर्नहेम लँडमधला सर्प वेगळा, त्याचं नाव वेगळं आणि पाणवठेही वेगळे. या सगळ्यांना एका नावाखाली आणलं ते १९२६ च्या एका इंग्रजी शोधनिबंधाने. खेळात येतो तो हा निबंधातला सर्प.

त्याहून अवघड शब्द ‘ड्रीमटाइम’, आदिवासींच्या सृष्टिकथांसाठी इंग्रजीत रुळलेला. मध्य ऑस्ट्रेलियातल्या आरेर्न्ते भाषेतल्या एका शब्दाचं हे भाषांतर १८९६ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या तारमास्तराने केलं. जवळच्याच मिशनमधल्या जर्मन पाद्र्याला ते पटलं नाही. त्याच्या मते मूळ शब्दात अनादि असण्याचा अर्थ होता. स्वप्नाशी त्या शब्दाचा संबंध अजिबात नाही असंही नाही, म्हणून वाद मिटला नाही. पण त्यात जमीन, नातीगोती, कायदा हे सगळं येतं, आणि ते संपलेलं नाही. मराठीत ‘स्वप्नकाळ’ म्हटलं की गैरसमजाचा आणखी एक थर चढतो. खेळाची सुरुवात ‘फार फार वर्षांपूर्वी’ अशी झाली, की जे चालू आहे ते इतिहासजमा होतं.

बन्यिप हा पाणथळीतला कथेतला प्राणी त्या मानाने निरुपद्रवी वाटतो. १८४७ मध्ये त्याची म्हणून एक कवटी सिडनीच्या संग्रहालयात मांडली होती; पुढे ती वासराची की शिंगराची एवढाच वाद उरला. रक्त शोषणारा लालबुंद यारा-मा-या-हूही चाहत्यांचा आवडता. त्याची कथा लिहून ठेवणारे ङारिंजेरी या आदिवासी समाजातले लेखक आज ऑस्ट्रेलियाच्या पन्नास डॉलरच्या नोटेवर आहेत. १९३० मध्ये मात्र त्यांचं लेखन एका गोऱ्या डॉक्टरच्या नावावर छापलं गेलं. मूळ नावानिशी ते यायला २००१ उजाडलं.

मालकी म्हणजे काय हे फॅनगेमवाल्यांना शिकवावं लागत नाही. नऊ वर्षं खपून केलेला एक खेळ ऑगस्ट २०१६ मध्ये आला, काही दिवसांत १५ लाखांवर डाउनलोड झाला आणि पोकेमॉनच्या मालकांकडून आलेल्या कायदेशीर नोटिसांपायी उतरवावा लागला. २०१८ मध्ये तर असे खेळ बनवण्याचा फुकट संचच गेला. कथांच्या बाजूने असा वचक नाही, कारण कॉपीराइटला एक लेखक लागतो आणि त्याची मुदतही संपते. १९७६ मध्ये मध्य ऑस्ट्रेलियातल्या पित्जंत्जत्जारा समाजाच्या पुरुषांनी आपली गुप्त विधींची माहिती छापणाऱ्या पुस्तकाची नॉर्दर्न टेरिटरीतली विक्री थांबवली, ती विश्वासभंगाच्या मुद्द्यावर. १९९४ मध्ये नक्कल केलेल्या गालिच्यांचा खटला चित्रकारांनी कॉपीराइटवर जिंकला, पण ती चित्रं अलीकडची, ज्ञात कलाकारांची होती. जुन्या कथेला हे लागू पडत नाही. तिथे उरते ती परवानगी विचारण्याची रीत.

विचारलं तर नकारही येऊ शकतो. वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्ली भागातल्या वाँजिना या पाऊस आणणाऱ्या पूर्वजांची चित्रं काढायचा अधिकार तिथले तीन समाज फक्त आपलाच मानतात. वाँजिनाला तोंड काढत नाहीत. खेळात घेतला, तर इतर सगळ्या प्राण्यांसारखी त्यालाही एक आरोळी द्यावी लागेल.