सफरचंदाचं झाड आणि मामाजींची किडनी

मंगळवार, गुरुवार, शनिवार. गेली चार वर्षं मामाजींचा आठवडा या तीन वारांभोवती फिरतो. नागपुरातल्या नंदनवनहून ऑटोने धंतोलीला यायचं, वजनकाट्यावर उभं राहायचं, मागच्या वेळेपेक्षा अंगात किती पाणी वाढलं ते बघायचं आणि मग चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडून पडून राहायचं. डाव्या मनगटाच्या वर त्यांचा फिस्टुला आहे. शिरेला धमनी जोडून शीर फुगवतात, म्हणजे मशीनला पुरेसं रक्त मिळतं. मी एकदा त्यावर बोट ठेवलं होतं. कातडीखाली मधमाशी अडकल्यासारखी एकसारखी थरथर लागते. मामाजी रोज सकाळी उठल्यावर आधी ती थरथर तपासतात, मग देवाला हात जोडतात.

त्यांच्या डब्यात अर्धं सफरचंद असतं. हा माणूस काटोलकडचा, सहा एकर संत्र्याची बाग असलेला. आंबिया बहाराची संत्री घरात पेट्यांनी येतात आणि त्यातली एक फोडही त्यांना खाता येत नाही. संत्र्यात पोटॅशियम भरपूर असतं. चांगली किडनी जादा पोटॅशियम लघवीवाटे फेकून देते. बंद पडलेली किडनी ते करू शकत नाही, आणि रक्तात पोटॅशियम चढलं तर हृदयाची लय बिघडते. सफरचंदात ते संत्र्यापेक्षा बरंच कमी, म्हणून आहारतज्ज्ञांनी परवानगी दिलेलं फळ ते. कळमन्याच्या मंडीत काश्मीरहून, हिमाचलहून आलेलं.

हे सगळं सांगायचं कारण असं की किडनी वाचवणारं गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात महत्त्वाचं औषध याच सफरचंदाच्या झाडातून निघालं आहे. फळातून नाही, सालीतून. फळाची साल नव्हे, मुळाची साल. मामाजींना ते मिळालं नाही, कारण त्यांना गरज होती तेव्हा ते किडनीसाठी सिद्धच झालेलं नव्हतं. ज्यांना आज गरज आहे त्यांना ते मिळू शकतं, आणि त्यातल्या पुष्कळांना आपल्याला गरज आहे हेच ठाऊक नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

युरोपात १८३५ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या मुळाच्या सालीतून एक कडू पदार्थ वेगळा काढला. त्या काळी कडू साली गोळा करायचं वेडच होतं, कारण सिंकोनाच्या कडू सालीतून तापावरचं क्विनीन मिळालं होतं. सफरचंदाच्या या कडू पदार्थाचं नाव फ्लोरिझिन. ग्रीक भाषेत साल आणि मूळ या दोन शब्दांचा हा जोड. तापावर त्याने नाव काढलं नाही. पण १८८६ मध्ये जर्मनीत योसेफ फॉन मेरिंग यांनी ते कुत्र्यांना दिलं तेव्हा भलतंच दिसलं: कुत्र्यांच्या लघवीतून साखर जाऊ लागली. हेच फॉन मेरिंग तीन वर्षांनी ऑस्कर मिन्कोव्स्की यांच्यासोबत कुत्र्याचं स्वादुपिंड काढून मधुमेहाचं मूळ दाखवणार होते.

लघवीतून साखर जाणं ही एरवी वाईट खूण. मग ते औषध कसं ठरलं? त्यासाठी किडनीचं काम बघायला हवं, आणि ते काम थक्क करणारं आहे. आपल्या प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. दिवसभरात त्या मिळून जवळपास १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. एवढी लघवी आपल्याला होत नाही, कारण गाळणीपुढच्या नळ्या त्यातलं जवळजवळ सगळं परत ओढून घेतात. त्या पाण्यासोबत रोज १८० ग्रॅमच्या आसपास साखरही खाली उतरते, म्हणजे मोठी वाटीभर. तीही सगळी परत येते. परत ओढणारं मुख्य यंत्र म्हणजे नळीच्या सुरुवातीच्या पेशींवर बसलेलं एक प्रथिन, एसजीएलटी-२. साधारण ९० टक्के साखर तेच उचलतं, राहिलेली त्याचा भाऊ एसजीएलटी-१ उचलतो. फ्लोरिझिन या दोघांच्या तोंडात बोळा बसवल्यासारखं अडकतं.

पण साखर अशी वाया गेली तर शरीराला धोका नाही का? याचं उत्तर निसर्गाने आधीच देऊन ठेवलं होतं. काही कुटुंबांत एसजीएलटी-२ चं जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं. या माणसांच्या लघवीतून आयुष्यभर साखर जाते आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. हे यंत्र बंद ठेवूनही माणूस नीट जगतो याचा इतका भक्कम पुरावा प्रयोगशाळेत मिळाला नसता.

अडचण होती ती फ्लोरिझिनची. तोंडाने घेतलं की आतड्यातलं एन्झाइम त्याचे दोन तुकडे करतं. फ्लोरिझिनच्या रेणूला साखरेचा एक भाग चिकटलेला असतो, आणि तो ऑक्सिजनच्या दुव्याने जोडलेला असतो. एन्झाइमची कात्री नेमकी तिथे चालते. शिवाय एसजीएलटी-१ आतड्यातही काम करतं, तेही अडलं तर जुलाब होतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी दोन गोष्टी केल्या. साखरेचा भाग ऑक्सिजन मध्ये न घेता थेट कार्बनला कार्बन असा जोडला, त्यामुळे कात्री चालेना. आणि रेणूचा आकार असा घडवला की तो एसजीएलटी-२ लाच धरेल, भावाला फारसा हात लावणार नाही. डापाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही त्यातली नावं. शेवटचं ‘फ्लोझिन’ ऐकलंत की फ्लोरिझिन आठवा.

ही औषधं २०१२ च्या सुमारास बाजारात आली ती मधुमेहाच्या गोळ्या म्हणून. किडनीसाठी त्यांचं खरं मोल नंतर कळलं. २०१९ मध्ये मधुमेह आणि किडनीचा विकार दोन्ही असलेल्या ४४०१ रुग्णांवरची कॅनाग्लिफ्लोझिनची चाचणी मुदतीआधी थांबवली गेली, कारण फायदा उघड दिसत होता. २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनची चाचणी आली. २१ देशांतले ४३०४ रुग्ण, आणि त्यातल्या जवळपास एकतृतीयांश लोकांना मधुमेह नव्हताच. किडनीचं काम निम्म्याने किंवा जास्त घटणं, ती निकामी होणं, किडनीच्या किंवा हृदयाच्या कारणाने मृत्यू येणं, यातलं काहीतरी नुसती नेहमीची औषधं घेणाऱ्या १४.५ टक्के लोकांच्या वाट्याला आलं. गोळीही घेणाऱ्यांत ९.२ टक्के. सरासरी अडीच वर्षांहूनही कमी काळात हा फरक पडला. मग एम्पाग्लिफ्लोझिनच्या ६६०९ रुग्णांवरच्या चाचणीतही तसंच दिसलं, आणि त्यात निम्म्याहून जास्त लोक बिनमधुमेहाचे होते.

साखर कमी करणारी गोळी साखर नसलेल्या माणसाची किडनी कशी वाचवते, हे मला मामाजींना समजावून सांगायचं होतं. ते संत्र्याच्या बागेचे मालक, म्हणून मी ठिबकाकडे वळलो.

एसजीएलटी-२ साखर ओढताना सोबत सोडियमही ओढतं. गाळणीपासून थोडं पुढे, नळी वळून परत गाळणीजवळ येते तिथे, मीठ मोजणारा एक पहारेकरी पेशींचा गट असतो. मधुमेहात साखर जास्त म्हणून सोडियमही जास्त ओढलं जातं आणि पहारेकऱ्यापर्यंत मीठ कमी पोचतं. त्याला वाटतं, गाळणीत पाणी कमी येतंय. तो मागचा व्हॉल्व उघडतो, म्हणजे गाळणीत रक्त आणणारी बारीक धमनी सैल करतो. गाळणीतला दाब वाढतो, आणि वर्षानुवर्षं त्या दाबाखाली गाळण्या एकेक करून निकामी होतात.

मामाजी मशीनवर पडल्या पडल्या म्हणाले, “म्हंजे ठिबकाचंच आहे म्हन नं. प्रेशर वाढलं का लॅटरल फुटते.”

अगदी तेच. गोळीने सोडियम पहारेकऱ्यापर्यंत पोचतं, तो व्हॉल्व आवळतो, दाब उतरतो. बिनमधुमेही लोकांत आणखीही कारणं असावीत. साखर ओढायचं कष्टाचं काम कमी झाल्याने त्या पेशींना ऑक्सिजन कमी लागतो, हे त्यातलं एक.

याच दाबामुळे एक घोटाळा होतो आणि तो घरोघरी होताना मी पाहिला आहे. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो रक्तातला कचरा, थोडं वाढलेलं दिसतं. घरचे घाबरतात, गोळी बंद करतात, शेजारीही म्हणतात की नवीन गोळीने किडनी बिघडवली. दाब उतरला की गाळणं सुरुवातीला किंचित कमी होणारच. पुढच्या काही वर्षांत घसरण मंदावते, तो खरा फायदा. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा, आपल्या मनाने गोळी सोडू नका. वाढ जास्त असेल तर त्याचं कारण डॉक्टरच शोधतील.

गोळी सगळ्यांसाठी नाही, हेही तेवढंच स्पष्ट सांगतो. टाइप-१ मधुमेह, किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार, प्रत्यारोपण झालेले रुग्ण यांना या मोठ्या चाचण्यांतून बहुतांशी वगळलं होतं. लघवीत साखर असल्याने गुप्तांगाला बुरशीची खाज होऊ शकते, स्वच्छता पाळावी लागते. क्वचित रक्तात कीटोन नावाची आम्लं साचतात, आणि रक्तातली साखर फार वाढलेली नसल्याने ते लवकर लक्षात येत नाही. नागपुरात याला उन्हाळ्याची जोड आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला, त्यात जुलाब-उलट्या लागल्या, अन्नपाणी पोटात ठरत नाही, अशा दिवशी ही गोळी थांबवायची असते. ती कधी थांबवायची आणि कधी परत सुरू करायची हे आधीच डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आणि त्याच दिवसांत गुडघ्यासाठी किंवा डोक्यासाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी तर किडनीवर सरळ घाव घालते. मामाजींनी दहा वर्षं गुडघेदुखीवर त्या गोळ्या घेतल्या. देणाऱ्याने एकदाही क्रिएटिनिन तपासायला सांगितलं नाही.

आता झाडाकडे परत येऊ. सफरचंदाचं झाड हे कडू रसायन कशासाठी बनवतं? ते पानांत आणि सालीत भरपूर असतं, आणि रोग-किडींपासून संरक्षणाशी त्याचा संबंध असावा असा जुना कयास आहे. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. फ्लोरेटिन नावाच्या रेणूला साखर जोडून फ्लोरिझिन बनवणारं जे एन्झाइम आहे, त्याचं जनुक त्यांनी झाडात दाबलं. झाडाची वाढच बदलली: पेरं आखूड झाली, पानं निमुळती. म्हणजे आपण ज्याला नुसतं कडू संरक्षण समजत होतो, ते बनवायची वाट झाडाच्या घडणीत खोलवर गुंतलेली आहे. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते.

मग सफरचंदाची साल उकळून काढा प्यायचा का? हा प्रश्न मला मामींनीच विचारला. नाही. आतड्यातली कात्री तुमच्याही पोटात आहे. साल पिऊन रक्तात औषधाइतकं काही पोचणार नाही. आणि वनस्पती म्हणजे किडनीला सौम्यच, ही समजूत जीवघेणी ठरली आहे. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या गोळ्यांतून अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातली वनस्पती पोटात गेली आणि कितीतरी तरुण बायकांच्या किडन्या निकामी झाल्या. पुढे अनेकींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. आपल्याकडची ईश्वरी नावाची वेल याच कुळातली आहे. कमरख हे आंबट फळ चांगली किडनी असलेल्या माणसाने थोडं खाल्लं तर सहसा बिघडत नाही, पण डायलिसिसवरच्या माणसाला त्याने उचक्या, भ्रम, झटके येऊ शकतात. त्यातलं विष ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये ओळखलं. झाडात औषध असतं हे खरंच. ते किती, कोणत्या भागात, कोणाच्या शरीरात, हे ठरवायला फ्लोरिझिनच्या बाबतीत पावणेदोनशे वर्षं लागली.

पैशांचंही सांगतो, कारण आपल्याकडे औषध तिथेच अडतं. डापाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. अनेक कंपन्यांनी आपापल्या गोळ्या काढल्या आणि किमती कोसळल्या. काही गोळ्या आज दहा रुपयांच्या आत मिळतात. सरकारी योजनेत डायलिसिस फुकट होत असलं, तरी ऑटो, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्याचा दिवस यांचं बिल घरच भरतं.

औषध सुरू करायचं तर आधी आजार कळायला हवा, आणि किडनी दुखत नाही. सूज, थकवा, मळमळ ही लक्षणं येईपर्यंत बरंच गेलेलं असतं. दोन साध्या तपासण्या आहेत. एक रक्तातलं क्रिएटिनिन, ज्यावरून किडनी किती गाळते ते काढतात. तो आकडा तीन महिने ६० च्या खाली राहिला तर किडनीचा जुनाट विकार म्हणतात. दुसरी लघवीतलं अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण. ते ३० च्या वर असेल तर गाळणीतून प्रथिन गळतंय, आणि हे पुष्कळदा क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी दिसतं. मधुमेह किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा दोन्ही करा. आपल्या विदर्भात सिकलसेलही आहे, तोही किडनीला धरतो. त्या घरांनीही लघवीच्या तपासणीचं विचारावं.

धाकटा मामेभाऊ ४१ वर्षांचा आहे. बीपीची गोळी घेतो, साखर काठावर. दोन वर्षं मी त्याच्या मागे लागलो होतो. गेल्या महिन्यात वडिलांना मशीनला लावून तो खाली लॅबमध्ये गेला आणि लघवीची बाटली देऊन आला. रिपोर्ट आला: अल्ब्युमिनचं प्रमाण ८४, गाळण्याचा आकडा ७१. महिनाभराने परत तपासलं, तेवढंच. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली, मीठ कमी करायला सांगितलं आणि एक फ्लोझिन लिहून दिलं.

मामाजींनी स्ट्रिप हातात घेऊन उलटीसुलटी पाहिली. मग डबा उघडला, त्यातल्या अर्ध्या सफरचंदाचे चाकूने दोन तुकडे केले आणि एक मुलाच्या हातावर ठेवला.