जुनी स्पोर्ट्स कार घेताय? आधी खालून बघू या

जानेवारी 2023 मधे लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात 21 गन सॅल्यूट नावाचा जुन्या गाड्यांचा मोठा शो झाला, त्यानंतर बडोद्यातली बरीच मंडळी आमच्या मकरपुऱ्याच्या वर्कशॉपला येऊन विचारतात की अमुक एक एमजीबी मिळतेय, ट्रायम्फ स्पिटफायर मिळतेय (दोन्ही जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार), घेऊ का. फोटो दाखवतात, गाडी लालभडक चकाचक असते, विकणारा म्हणतो "भाई, एकदम टकाटक छे". हा कागद अशांसाठीच छापलाय, गाडी बघायला जाताना खिशात ठेवा.

पहिली गोष्ट म्हणजे इंजिनला घाबरू नका. इंजिन बंद असेल, धूर मारत असेल, कार्ब्युरेटर गळत असेल, हे सगळं उघडून नीट करता येतं. खरा पैसा जातो तो पत्र्यात, आणि तोही वरून दिसणाऱ्या पत्र्यात नाही तर आतल्या बंद बॉक्समधे, जिथे पाणी शिरतं पण हवा खेळत नाही म्हणून वाळत नाही. गंज आतून सुरू होतो, लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो म्हणून जोड फुगवतो, आणि बाहेर पेंटवर बारीक फोड दिसायला लागेपर्यंत मागचा पत्रा संपत आलेला असतो. म्हणून "एवढासा फोड आहे, टचअप करून घेऊ" असं कोणी म्हटलं तर ऐकून घ्या पण मानू नका.

एमजीबीचंच घ्या. 1962 ते 1980 बनली, वेगळी चॅसी म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा नाही, बॉडी हीच चॅसी. उघड्या गाडीला वर छत नाही, त्यामुळे भार येतो दाराखालच्या लांब बॉक्सवर, त्याला सिल म्हणतात. त्यात बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मधे एक उभी पट्टी असते. आता बाहेरचा पत्रा नवीन चढवून वर पेंट मारला की झालं, मधली पट्टी भुगा झालेली असली तरी कोणाला दिसत नाही! स्पिटफायरला खाली वेगळी चॅसी आहे तरी तिचंही सिल भार घेतंच, त्यामुळे "हिला चॅसी आहे, चिंता नको" हे बरोबर नाही.

हे ओळखायची एक पद्धत आम्ही दरवेळी करतो. गाडी सपाट जागी उभी करा, दार बंद, आणि दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत नीट बघा, वर बारीक खाली रुंद अशी आहे का. मग जॅक लावायच्या जागी जॅक लावून ती बाजू हळूहळू उचला आणि फटीवर नजर ठेवा. फट बदलली, दार उघडताना अडायला लागलं, तर बॉडी वाकतेय, म्हणजे सिल गेलंय. आणि जॅकच पत्र्यात घुसायला लागला तर लगेच थांबा, उत्तर मिळालं. दोन्ही बाजूंनी करा आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी डोकं घालायचं नाही, हे फार कळकळीने सांगतोय.

सडका पत्रा झाकायला पेंटखाली भरलेली पुट्टी पकडायला फ्रिजचा साधा मॅग्नेट रुमालात गुंडाळून फिरवा, चाकांच्या कमानी, दारांची खालची कड, पुढच्या मडगार्डचा चाकामागचा भाग, कारण तिथे आतल्या बाजूला चिखल साचतो. जिथे पकड सुटते तिथे पुट्टीचा थर आहे किंवा फायबर लावलंय. फक्त सुरुवातीच्या एमजीबीचं बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं, तिथे मॅग्नेट चिकटणारच नाही, त्याची काळजी नको. आमच्याकडे पेंटची जाडी मोजायचं मीटर आहे, कंपनी पेंट साधारण 100-150 मायक्रॉनच्या आसपास असतो, हजाराच्या वर आकडा गेला की तिथे पुट्टी आहे असं धरून चाला.

खाली ताजा काळा अंडरकोट (गंज लागू नये म्हणून गाडीच्या तळाला मारायचा जाड थर) दिसला तर आम्हाला आनंद होत नाही, उलट पहिला प्रश्न हाच की मारायच्या आधीचे फोटो कुठे आहेत. गंजावर मारलेला अंडरकोट पाणी आतच धरून ठेवतो. ज्याने खरोखर काम करून घेतलंय त्याच्याकडे फोटो असतात, वेल्डिंगची बिलं असतात, तो न विचारता दाखवतो.

आता आपल्या बडोद्याचं खास. ऑगस्ट 2024 मधे विश्वामित्रीचं पाणी कुठे कुठे शिरलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, पार्किंगमधल्या गाड्या सीटपर्यंत बुडाल्या होत्या. अशी गाडी धुऊन पुसून, नवीन सीटकव्हर घालून विकायला येऊ शकते. वरून काही कळत नाही. कारपेट उचला, खालचं नमदं दाबून बघा, वास घ्या, सीटच्या पट्टीचे बोल्ट बघा, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ राहिलीय का, डॅशखालच्या वायरींची टोकं हिरवी पडलीत का. आणि सगळ्यात खात्रीचं म्हणजे सिलच्या खाली पाणी जायला जी बारीक भोकं असतात त्यात एक पातळ तार घालून हलवा. काहीच पडलं नाही, तार मोकळी फिरली, तर छान. करडी बारीक माती पडली तर गाडी पाण्यात राहिलीय. लालसर पापुद्रे पडले तर आतला पत्रा सुटायला लागलाय. भोकंच सापडली नाहीत तर कोणीतरी ती अंडरकोटने बुजवलीत आणि ते सगळ्यात वाईट. मुंबईहून येणाऱ्या गाडीला खारी हवा लागलेली असते, तीही अशीच तपासायची.

बाकी जागा पटकन सांगतो: काचेच्या रबराचे खालचे कोपरे, डिक्कीत स्टेपनीखालचा खड्डा, बॅटरीची जागा (एमजीबीत ती सीटमागे असते, ॲसिड सांडून तिथला पत्रा जातो), आणि स्प्रिंग-सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलंय ते सगळे जोड. जॅग्वार ई-टाइप असेल तर इंजिनभोवतीची पाइपची फ्रेम नीट बघा, ती आतून गंजते. फायबर बॉडीची गाडी असेल, आपली गोव्याची सॅन स्टॉर्म किंवा लोटस एलान, तर बॉडी गंजणार नाही हे खरं पण खालची चॅसी लोखंडाचीच आहे. आणि एमजी टीसीसारख्या गाडीत पत्र्याआड लाकडी सांगाडा असतो, दार उघडून वर-खाली हलवा, बिजागरीपाशी लाकूड मऊ झालं असेल तर दार लोंबतं.

कागदपत्रांचाही गंजाशी संबंध आहे. 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरच्या गाडीला व्हीए (VA) सिरीजचा, म्हणजे व्हिंटेज गाड्यांसाठीचा वेगळा नंबर मिळतो, पण अट अशी की चॅसी, बॉडी, इंजिनमधे मोठा बदल झालेला नको. एमजीबीची अख्खी नवी बॉडी इंग्लंडमधे ब्रिटिश मोटर हेरिटेज बनवते, त्यामुळे "सडली तर बॉडी बदलू" असं काही जण म्हणतात, पण मग ही अट आडवी येऊ शकते. शिवाय चॅसी नंबर जिथे ठोकलाय ती जागा साफ करून पेन्सिलने ठसा घ्या आणि आरसी बुकाशी ताडून बघा. नंबरच्या आजूबाजूला वेल्डिंगचे टाके दिसले तर आरटीओतून खात्री केल्याशिवाय टोकन देऊ नका.

आमचं मत विचाराल तर पेंट उडालेली, इंजिन बंद, पण खालून सुकी आणि मूळ पत्र्याची गाडी आम्ही चकाचक गाडीच्या आधी घ्यायला सांगू.

आम्ही तुमच्याबरोबर येतो, ट्रॉली जॅक, स्टँड, टॉर्च, मीटर आणि बॉक्समधे घालायचा बारीक कॅमेरा घेऊन. फोटोसकट रिपोर्ट देतो. पैसे फक्त घेणाऱ्याकडून, विकणाऱ्याकडून एक रुपयाही नाही, आणि त्या गाडीचं पत्राकाम आम्हालाच द्या असा आग्रह नाही. मालकाला आधी फोन करून एवढं सांगून ठेवा की गाडी आदल्या दिवशी धुऊ नका, दिवसाउजेडी दाखवा, कारपेट उचलू द्या आणि जॅक लावू द्या. नाही म्हणाला तर आम्हाला कळवा, त्या गाडीसाठी आम्ही येणार नाही.