लष्करी स्फोटकाची सुरक्षा आणि स्थिरता चाचणी: अर्ज कुठे, पात्रता काय, कागद कोणते

वाळूज, शेंद्रा, जालना किंवा नांदेडच्या एमआयडीसीत रसायनांचा कारखाना आहे आणि संरक्षण खात्याला स्फोटक पुरवायचं मनात आहे, तर पहिला प्रश्न असतो: चाचणी कुठे करून घ्यायची? प्रत्यक्षात हा तिसरा प्रश्न. आधी जागा, मग परवाना, मग चाचणी. चाचणीसाठी नमुना बनवायचा तरी परवाना लागतोच. शेडमध्ये गुपचूप पाव किलो करून पाहणं हा सरळ गुन्हा आहे.

स्फोटके अधिनियम १८८४ च्या कलम १४ मध्ये सशस्त्र दलांना आणि त्यांच्या आयुध निर्माणींना बहुतेक तरतुदींतून सूट आहे. ‘आपला माल तर सैन्यालाच जाणार’ म्हणून ही सूट आपल्यालाही मिळेल, अशा भ्रमात राहू नका. खासगी उत्पादकाला स्फोटके नियम २००८ लागू होतात, आणि ते राबवते पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना. मुख्यालय नागपुरात, चाचणी केंद्र नागपूरजवळच्या गोंडखैरीत.

पात्रतेचं कलम ६अ नीट वाचा. वय १८ पूर्ण हवं. हिंसाचार किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात सहा महिने किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली असेल, तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं परवाना मिळत नाही. चांगल्या वर्तणुकीचा बंधपत्र आदेश चालू असेल तरी अडतं.

चाचणीत पाहतात काय? सुरक्षिततेसाठी धक्का आणि घर्षण: ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून टाकतात, दाबून घासतात, कितीवर पदार्थ पेट घेतो ते नोंदवतात. स्थिरतेचा भाग मराठवाड्यासाठी जास्त महत्त्वाचा. संयुक्त राष्ट्रांच्या चाचणीक्रमात नमुना ७५ अंश सेल्सिअसवर ४८ तास ठेवतात. निर्वात स्थिरता चाचणीत साधारण १०० अंशांवर दीड-दोन दिवस तापवून किती वायू सुटला ते मोजतात. जुनी एबल चाचणी आजही नायट्रोसेल्युलोजसारख्या (बंदुकीच्या धूरविरहित दारूतला मुख्य घटक) पदार्थांना लावतात; त्यात पोटॅशियम आयोडाइड-स्टार्चचा कागद किती मिनिटांत रंग बदलतो ते बघतात. नायट्रोसेल्युलोज आपोआप विघटित होत राहतं, सुटलेले नायट्रोजन ऑक्साइड हीच क्रिया आणखी वेगवान करतात, म्हणून डायफिनाइलअमाइनसारखा स्थिरक घालतात. परभणीच्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते वेगळं सांगायला नको. साठवण कोठाराचा आराखडा काढतानाच उष्णतेचा विचार करा.

मे २०१६ मध्ये पुलगावच्या लष्करी दारूगोळा भांडारात आग लागून जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. स्थिरता तपासणी एकदा करून संपत नाही. साठवलेल्या मालाचीही ती होत राहते.

चाचणीवरूनच धोक्याचा विभाग ठरतो, १.१ ते १.६. सगळा साठा एकदम उडू शकतो तो १.१, किरकोळ धोक्याचा १.४. या विभागावर आणि साठ्याच्या किलोंवर सुरक्षा अंतर ठरतं. म्हणजे रस्ता, वस्ती, शेजारचा कारखाना किती लांब हवा, ते प्रयोगशाळेचा निकाल सांगतो. जमीन घेऊन बसल्यावर हे कळलं तर पैसा अडकतो. माझं मत विचाराल तर रसायनतज्ज्ञाच्या आधी भूमापकाला गाठा.

कागदपत्रांत ओळख आणि पत्त्याचे पुरावे, फर्म वा कंपनीची नोंदणी व भागीदारी पत्र, सातबारा किंवा भाडेकरार, अकृषिक परवानगी, आजूबाजूची बांधकामं अंतरासह दाखवणारा जागेचा नकाशा, इमारतीचा आराखडा, उत्पादन प्रक्रियेचं वर्णन आणि कच्च्या मालाची यादी. नवीन मिश्रण असेल तर त्याची रासायनिक रचना द्यावी लागते, कारण पेसोच्या अधिकृत यादीत नसलेलं स्फोटक बनवता येत नाही. ना हरकत प्रमाणपत्र डीई-२ या नमुन्यात येतं. छत्रपती संभाजीनगर शहरात ते पोलीस आयुक्तालयाकडून, बीड, लातूर, हिंगोलीसारख्या ठिकाणी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून. पोलीस पडताळणी यातच होते. पेसोचा अर्ज ऑनलाइन भरतात, शुल्कही तिथेच.

शिवाय औद्योगिक परवाना लागतो का ते पाहा. अमोनियम नायट्रेट वजनाने ४५ टक्क्यांहून जास्त असलेलं मिश्रण हाताळणार असाल तर २०१२ च्या नियमांखाली वेगळा परवाना. लष्करी पुरवठ्याचे निकष निविदेतल्या तपशीलपत्रकात असतात. पुण्याची एचईएमआरएल, म्हणजे डीआरडीओची स्फोटकांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा, आणि डीजीक्यूए, म्हणजे लष्करी मालाचा दर्जा तपासणारं संरक्षण खात्याचं महासंचालनालय, ही या बाजूची नावं.

नमुना नागपूर-पुण्याला पाठवताना एसटी, रेल्वेचा डबा, स्वतःची कार यांपैकी काहीही चालणार नाही. परवानाधारक स्फोटक वाहनातूनच न्या. अर्ज नाकारला तर कारणं लेखी मागा. कारणं सांगितल्याने सार्वजनिक हिताला बाधा येणार असेल तेवढाच अपवाद. मग कलम ६फ खाली अपील करता येतं.