दुधाच्या पिशव्यांची वाकळ

गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या कोल्हापूरकरांच्या घरीही आता पिशवीचं दूध येतं. रोज एक पिशवी धरली तरी वर्षाच्या 365 झाल्या. मी त्यांची वाकळ करते. आजी जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून सुईनं टाके घालायची. माझे टाके इस्त्री घालते.

पिशवी धुवायची, वाळवायची, कडा कापून सपाट पसरायची. असे सहा-आठ थर बटर पेपरच्या दोन कागदांमध्ये ठेवून वरून मंद इस्त्री फिरवायची. खिडकी उघडी हवी. पिशवीचं प्लास्टिक म्हणजे पॉलिथीन. ते साधारण 110 अंश सेल्सिअसला वितळतं. तेवढ्या उष्णतेनं त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या सैल होतात, शेजारच्या थरातल्या साखळ्यांत शिरतात आणि थंड होताना तिथंच गुंतून बसतात. रेक्झिनसारखं चिवट कापड तयार! त्याची बाजाराची पिशवी छान होते. पहिल्या वेळी मी कागद न घालताच इस्त्री टेकवली होती. करपलेल्या पिठल्याच्या कढईसारखी ती खरवडत बसले.

मग सरळ गोंदच का लावू नये? पिशवीवर पाण्याचा थेंब टाकून बघा, पसरत नाही, घरंगळतो. जिथं पाणीच धरत नाही, तिथं पाण्यातला फेव्हिकॉल काय धरणार? रंगाचंही तेच, म्हणून नक्षी हवी तर पिशव्यांवरच्या छापील रंगांचेच तुकडे जुळवायचे.

वितळण्याचं गणित गुळाच्या गावात वेगळं शिकवावं लागत नाही. गूळ तापवला की पातळ, ओतला की ढेप. पॉलिथीन या जातीचं. जुन्या स्विचांचं बेकेलाइट मात्र भाकरीच्या जातीचं, एकदा भाजलं की त्याचं पुन्हा पीठ होत नाही. आणि गूळसुद्धा सारखा तापवला की काळा पडतो. प्लास्टिकच्या साखळ्याही दर वितळण्यात थोड्या तुटतात.

पाण्याच्या बाटलीची गंमत निराळी. तिचा तुकडा आणि तिचंच झाकण बादलीत टाका. झाकण तरंगतं, तुकडा तळाला जातो, कारण दोन्हींचं प्लास्टिक वेगळं. बाटली म्हणजे मुळात एक जाड, आखूड नळी. ती गरम करून ताणतात, फुगवतात आणि झटकन थंड करतात. साखळ्या ताणलेल्या अवस्थेतच गोठतात. पुन्हा धग लागली की आखडायला बघतात. म्हणून बाटलीची गोल गोल कापत लांब पट्टी काढा, खुरप्याच्या चिरलेल्या मुठीवर घट्ट गुंडाळा, टोकं बांधा आणि वर उकळतं पाणी ओता. पट्टी मूठ करकचून आवळते.

वेफर्सच्या चकचकीत पाकिटांना इस्त्रीचा उपयोग नाही, त्यांत वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात; त्यांच्या पट्ट्या विणाव्यात. आणि पीव्हीसी, म्हणजे नळाचे पाइप वगैरे, कधीच तापवू नका. त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घशाला, डोळ्यांना झोंबणारा वायू निघतो.

उन्हातली अतिनील किरणंही पॉलिथीनच्या साखळ्या तोडतात. गच्चीवर टांगलेल्या माझ्या एका पिशवीचा दोन उन्हाळ्यांत हाताला भुगा लागायला लागला, आणि तो भुगा पावसाबरोबर थेट गटारीत. आता पिशव्यांची वाकळ घरातच असते. गच्चीवर अंथरते ती आजीची.