पोटाची चरबी आणि हृदयविकार

पोटाच्या आत, आतडी आणि लिव्हरभोवती साठलेल्या चरबीमुळे वाढणारा हार्टचा धोका. चरबी किती यापेक्षा ती कुठे बसलीय हे महत्त्वाचं, असं फ्रान्सचे डॉ. झाँ वाग यांनी १९४७ मध्येच मांडलं होतं, तरी पुढे बरीच वर्षं सगळे वजनकाट्यालाच धरून बसले. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासातून १९८३ मध्ये दिसलं की बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट हिशोबात धरूनही लठ्ठपणाचा स्वतःचा धोका उरतोच.

खरा वाद मोजण्यावरून आहे. बीएमआयचं, म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे सूत्र बेल्जियमच्या केतले यांचं, साधारण १८३० च्या दशकातलं, ते गणिती होते, त्यांना सरासरी माणूस कसा असतो ते बघायचं होतं, आजारांशी त्याचा संबंध नव्हता. २००४ च्या ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात कंबर आणि नितंबाचं गुणोत्तर हार्ट अटॅकशी बीएमआयपेक्षा जास्त जुळलं. त्याच वर्षी पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, दोघांचा बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! त्यामुळे आपल्या लोकांनी कंबरेचंच माप धरावं हे जास्त पटतं. मर्यादा पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८०.

टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून लावायची. पॅन्टचा नंबर अजिबात धरू नये, पोट सुटलं की पॅन्ट पोटाखाली सरकते आणि ३४ नंबर वर्षानुवर्षं ३४च राहतो.

धोका कसा वाढतो यावर एक मत असं की या चरबीतली फॅटी अ‍ॅसिड्स थेट लिव्हरकडे जातात, मग ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) चढतं, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) उतरतं, इन्सुलिन नीट लागू पडत नाही. बीपी वाढतं, घोरण्याचा त्रास लागतो, रक्तवाहिन्यांत थर साचतात.

आमच्या नाशिकमध्ये पोट सुटायला निमित्तं भरपूर: सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या शिफ्ट, रविवारी तर्रीदार मिसळ, वर एक्स्ट्रा पाव आणि जिलेबी हे ठरलेलं. पण इथल्या गोल्फ क्लब ग्राउंडवर पहाटे चालणारेही खूप आहेत, आणि वजन फारसं उतरलं नाही तरी रोज नेमाने चालल्याने आतली चरबी कमी होऊ शकते, म्हणून काटा हलत नाही म्हणून चालणं सोडू नये.