जुन्या इंग्रजी घड्याळांतील घासलेली भोके : पंच, बुश की जैसे थे?

लंबकाचे घड्याळ लंडनमध्ये १६५८ मध्ये विकायला आले, १६७० च्या सुमारास अँकर (लंबकाच्या झोक्यागणिक चाक थोडे थोडे सुटू देणारा, नांगराच्या आकाराचा भाग) आला आणि मग कपाटाएवढी उभी, आठ दिवस चालणारी घड्याळे घरोघरी दिसू लागली. पुढची दीडशे वर्षे आतली मांडणी जवळपास तीच राहिली. समोरासमोर दोन जाड पितळी प्लेटी आणि त्यांच्या भोकांत फिरणारी पोलादी आसांची टोके, म्हणजे पिव्होट. टोकांना आधार द्यायला माणकाचे खडे नाहीत. पितळ हेच बेअरिंग.

पितळ मऊ, म्हणून तेच आधी झिजणार, असे कुणालाही वाटेल. होते वेगळेच. धुळीचे कण पितळात रुतून बसतात आणि पोलादाला कानशीसारखे घासतात. पिव्होटवर चरे पडले की तो भोक खायला लागतो. पूर्वीचे तेल गुरांच्या पायांपासून काढलेले. काही वर्षांत ते हिरवट, चिकट होई आणि त्यात धूळ मिसळून घासायची पेस्टच तयार. एस्केप व्हील, म्हणजे अँकर ज्याचे दात सोडतो ते चाक, वर्षाला ५,२५,६०० फेरे घेते, तर सर्वांत मोठे चाक दिवसाला जेमतेम दोन. पण त्या मोठ्या चाकावर साडेपाच-सहा किलोचे वजन लटकलेले असते. त्यामुळे फेरे कमी असले तरी तिथले भोक एका अंगाला ओढल्यासारखे लंबोळके होते, चाकांचे दात एकमेकांपासून दूर सरकतात आणि एक दिवस घड्याळ थांबते.

खरा वाद इथून पुढे आहे. जुना इलाज पंचाचा. भोकाशेजारी पंच, म्हणजे पोलादी ठोकणी, ठेवून हातोडीचे दोन-चार ठोके द्यायचे, पितळ आत सरकते, भोक आवळते. काम पाच मिनिटांचे आणि गिऱ्हाईक खूश. मात्र आवळलेली असते ती नुसती वरची कड. ती झिजली की पुन्हा पंच. काही प्लेटींवर भोकाभोवती खळग्यांची तीन-तीन कडी दिसतात. बुशिंगला, म्हणजे भोकात नवी पितळी नळी (बुश) बसवायला, वेळ लागतो. भोक मूळ केंद्रावर परत आणण्यासाठी न झिजलेली बाजूही तेवढीच कानसायची, ब्रोचने (भोक मोठे करणाऱ्या निमुळत्या सळईने) प्लेटच्या आतल्या बाजूने मोठे करायचे, पितळी नळी बसवायची, पिव्होट घासून चकचकीत करायचा आणि मगच नळीचे भोक त्याच्या मापाला आणायचे. चाक एकटे प्लेटींमध्ये बसवून प्लेटी उलटसुलट केल्या की ते आपल्या वजनाने टक्कन खाली पडले पाहिजे. घुटमळले तर काम पुन्हा.

पंचाला आज कुणी वाली उरलेला नाही, आणि ते बरेच झाले. पण बुशिंगवालेही निर्धास्त नाहीत. संग्रहालयांत काम करणारे म्हणतात की बुश बसवतानाही मूळ कारागिराच्या हातचे पितळ कायमचे जाते. घड्याळ बंद ठेवा, भोक तसेच राहू द्या. दुरुस्ती करणाऱ्यांचे उत्तर असते की न चालणारे घड्याळ म्हणजे फर्निचर. ‘मूळ’ हा शब्द दोन्ही बाजू वापरतात आणि गुंता तिथेच आहे. १७४० च्या घड्याळात १८२० मध्ये कुणी हाताने बुश घातला असेल, तर आज तो काढायचा की जपायचा? मला विचाराल तर घट्ट असेल तोवर हात लावू नये.

१८४० च्या दशकात अमेरिकेची स्वस्त, ठोकळ घड्याळे इंग्लंडमध्ये उतरली आणि स्थानिक कारागिराकडे नव्यापेक्षा दुरुस्तीचेच काम जास्त उरले. १९३० च्या दशकात कारखान्यांतून टोल्यांची टेबल-घड्याळे निघाली. त्यांच्यासाठी ठरावीक मापाचे तयार बुश आणि ते दाबून बसवणारे यंत्र सोयीचे. तेच बुश अठराव्या शतकातल्या प्लेटीत घालणे मात्र अनेकांना खटकते.

धुलाईची गोष्ट याला जोडूनच येते. घड्याळाचे आतले यंत्र अमोनियाच्या पाण्यात रात्रभर बुडवायची पद्धत खूप चालली. पितळात ताण असेल तर अमोनियाने ते तडकते, आणि ठोकलेल्या पितळात ताण असतोच. हा दोष आधी दिसला तो ब्रिटिशांच्या हिंदुस्थानात. पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली पितळी काडतुसे आपोआप चिरत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचे कारण १९२१ मध्ये उलगडले. घड्याळांच्या कामात ही खबरदारी फार उशिरा आली.

जुने दुरुस्तीवाले प्लेटीवर सुईने आपले नाव आणि साल कोरून ठेवत. या खुणा आज भिंगाखाली वाचल्या जातात आणि पुसू नयेत असा दंडक आहे. नव्याने कोरायला मात्र बंदी. केलेल्या कामाची नोंद चिठ्ठीवर लिहून घड्याळाच्या कपाटाच्या आत ठेवतात.